मुख्याध्यापकांच्या कवळीत भोपळा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलाय. खरोखर घालायला गेले तर मांडीवर झोपलेली तुमची नात गडगडत पलंगाखाली जाईल आणि हे पत्र पुढच्या महिन्यात पुरं होईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिने चढताना दुखतात की उतरताना, हे मागच्या पत्रात तुम्ही लिहायचं विसरलात, आणि त्यावरून इथे तुमच्या भाच्यात आणि सासूबाईंत दोन दिवस वाद चालू आहे. रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? शेजारणीला सांगून नव्हे, स्वतः आठवणीनं? आम्ही सगळे ठीक. निदान वजनकाट्यावर तरी ठीक.

पत्राचं कारण असं, की परवा फोनवर तुम्ही विचारलंत, 'काय गं, पोर वरचं काय खाते?' आणि मी 'हो हो, खाते की!' म्हणून घाईघाईनं फोन सासूबाईंच्या हातात दिला. आत्या, ते अर्धं खोटं होतं. आणि तसल्याच एका पूर्ण खोट्यापायी गेल्या तीन आठवड्यांत माझी नोकरी जाता जाता राहिली. बाहेरून काही कानावर येण्याआधी माझ्याकडूनच कळलेलं बरं.

तुम्हाला माहीतच आहे, घरात तिला सगळे मामलेदार म्हणतात. कारण काहीही पुढे केलं तरी ती आधी नीट निरखते, थोडा वेळ ताटकळत ठेवते, आणि मग फेटाळते. सहावा महिना सरल्यापासून गाजर, बटाटा, भोपळा, नासपती, बीट, मऊ भात आणि एकदा चुकून तुमच्या भाच्याचं बोट, एवढे अर्ज तिच्यापुढे गेले. पैकी बोट मंजूर झालं. बाकी सगळं फुर्र. फुर्र म्हणजे नुसतं थुंकणं नव्हे. आधी घास आत घ्यायचा, आपल्याला वाटतं गेला बाई एकदाचा, आपण सुखानं मान टाकतो, आणि नेमक्या त्या क्षणी फुर्र. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आता एक बिटाचा डाग आहे, तो पाहुण्यांना आम्ही शोभेचा म्हणून दाखवतो.

तुमच्या भाच्यानं त्याच्या परीनं प्रयत्न केले. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? चमचा खालून हळूहळू वर आणायचा आणि म्हणायचं, 'तळमजला... पहिला मजला... दुसरा मजला... दार उघडा!' दार काही उघडत नव्हतं. तीन दिवसांनी तो म्हणाला, 'बिघाड वरच्या मजल्यावरचा दिसतोय,' आणि माझ्याकडे बघितलं. मी पण त्याच्याकडे बघितलं. तेव्हापासून तो विषय त्यानं काढला नाही.

सासूबाई मात्र रोज काढतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तुमचा भाचा सहाव्या महिन्यात मुठीत भाकरी धरून खायचा, आठव्यात ताट मागायचा, आणि नवव्यात बहुधा पंगतीत वाढायलाही उठत असावा. (तुम्ही तेव्हा त्याच घरात होतात. खरं-खोटं तुमच्या पोटात. मी विचारत नाही.) पण आत्या, त्यांना दोष तरी काय द्यायचा? मला बोलायला सगळं जग मोकळं आहे. बसमधल्या अनोळखी बाई म्हणतात, 'अजून पाजता? दात आले की चावेल हं.' त्याच बसमधून उतरताना दुसऱ्या अनोळखी बाई म्हणतात, 'इतक्यात सोडू नका हं, शाप लागतो.' खालच्या मजल्यावरची शिवणवाली मोजमाप घेतल्यासारखी पोरीकडे बघून म्हणते, 'हडकली.' गिरणीवाला म्हणतो, 'सुटली.' पोरगी तीच, दिवस तोच, मधे फक्त एक रस्ता ओलांडलेला.

कामावर तरी सुख असावं, तर तिथेही नाही. दुपारी सासूबाई तिला आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात घेऊन येतात आणि मी मागच्या कोठीच्या खोलीत बसून तिला पाजते. तुम्ही ती खोली पाहिलेली नाही. तीन भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर लोकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे, शेदीडशे जबडे आ वासून बसलेले. मधे एका प्लास्टरच्या पोत्यावर मी. एवढी बोळकी उपाशी बघत असताना आमची मामलेदार एकटीच शांतपणे जेवते. प्लास्टर कालवणारा आमचा म्हातारा कारागीर दाराबाहेरून खाकरतो आणि विचारतो, 'अजून दूधच?' मी म्हणते, 'अजून प्लास्टरच?' एवढ्यावर आमचं भागतं.

खरी गंमत गुरुवारची. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी सकाळी तान्ह्या मुलांच्या आयांची बैठक असते. जिन्याखाली बाबागाड्यांची रांग, वर एका लांब खोलीत चटया, कोपऱ्यात वजनकाटा, आणि काट्याशेजारी नर्सबाई. नर्सबाई चांगल्या आहेत हो. फक्त त्यांना वाटतं की आयांनी एकमेकींकडून शिकावं, आणि आया एकमेकींकडून जे शिकतात ते नर्सबाईंना माहीत नाही. तिथे कुणी थेट फुशारकी मारत नाही. 'आमचा फारच खातो बाई, काय करावं कळत नाही,' अशी तक्रार करतात. 'आमची रात्रभर झोपते, मलाच काळजी वाटते.' नाकापेक्षा मोती जड झाल्याचं दुःख इतकं सुखानं सांगणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

या सगळ्यांची राणी म्हणजे अठ्ठावीसबाई. (नाव मीच ठेवलंय, तिला माहीत नाही.) घरांचे नकाशे काढते. तिनं मुलाच्या खाण्याचाही नकाशा काढलाय, मोठ्या कागदावर, चौकोन चौकोन आखून, प्रत्येक भाजीला वेगळा रंग. तो ती गुंडाळी करून आणते आणि चटईवर उलगडते. तीन आठवड्यांमागच्या गुरुवारी तिच्या मुलाचे अठ्ठावीस प्रकार पूर्ण झाले होते. आठ महिन्यांचा मुलगा! मी आजवर अठ्ठावीस भाज्या पाहिल्यात की नाही, शंका आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती माझ्याकडे वळली आणि इतक्या गोड आवाजात, की मला कानात काहीतरी सांडल्यासारखं वाटलं, म्हणाली, 'तुमची काय खाते हो?'

आत्या, 'काही नाही' एवढे दोन शब्द होते. ओठांपर्यंत आलेही होते. पण म्हणतात ना, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, 'भोपळा. वाटी-वाटी. आवरावं लागतं.'

मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खोटं बोलल्यावर किती उबदार वाटतं. कुणीतरी म्हणालं, 'वाटी-वाटी?' मी म्हणाले, 'कधी कधी दोन.' आणि नर्सबाईंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. पुढच्या गुरुवारी चार नव्या आया येणार होत्या, बिचाऱ्या फार घाबरलेल्या, त्यांना एखादं मूल प्रत्यक्ष आनंदानं खाताना दाखवायचं होतं. अठ्ठावीसबाईचा मुलगा आजोळी जाणार होता. तेव्हा मामलेदार! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मान हलवली. ती मान 'नाही' अशी हलली होती, पण सगळ्यांनी तिला 'हो' समजून घेतलं.

तो आठवडा कसा गेला ते लिहीत नाही, कारण सगळ्या पानभर नुसता भोपळाच येईल. उकडलेला, कुस्करलेला, पातळ, घट्ट, कोमट, गार. मी गायले. तुमचा भाचा नाचला. सासूबाईंनी स्वतः दोन वाट्या खाऊन दाखवल्या आणि बुधवारी त्यांचं पोट बिघडलं. (त्यांनी तुम्हाला हवा बदलल्यामुळे असं कळवलं असेल.) दाताच्या कण्या केल्या म्हणतात ना, तशी मी लोकांचे दात करणारी बाई सात दिवस घसा फोडत होते आणि पोरीच्या पोटात एक घास गेला नाही.

गुरुवार उजाडला. माझ्या पिशवीत वाटी, चमचा, लाळेरं, आणि एका डब्यात एक नवी कोरी कवळी. एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, त्यांची, वरची आणि खालची, अजून तोंडात न गेलेली. बैठकीनंतर तीच जिन्यावरून खाली, त्याच इमारतीतल्या दंतवैद्यांकडे पोचवायची होती, म्हणून बरोबर घेतलेली. अशा कवळ्या आम्ही बिजागरीच्या लोखंडी साच्यावर बसवून नेतो, म्हणजे जबडा उघडतो, मिटतो, वरचे दात खालच्यांवर नीट बसतात की नाही ते कळतं.

मला मधोमध बसवलं. चार नव्या आया समोर, डोळे विस्फारून. अठ्ठावीसबाई माहेरी गेलीच नव्हती, मुलाला घेऊन पहिल्या रांगेत. मी चमचा पुढे केला. मामलेदारनं तोंड मिटलं. मी हसले. तिनं आणखी घट्ट मिटलं. मी लिफ्ट आणली, तळमजला, पहिला मजला. समोरची एक नवी आई हळूच रडायला लागली. अठ्ठावीसबाई म्हणाली, 'आज भूक नसेल. वाटी-वाटी खाते म्हटल्यावर...' आणि पुढचं वाक्य तिनं सोडून दिलं, जसं कुणी जिन्यावर केळ्याचं साल सोडून देतं.

माझी दातखीळ बसली. हातानं उगाच पिशवीत दुसरा चमचा शोधायला लागले आणि बाहेर आला तो डबा, डब्याचं झाकण उघडलं, आणि चटईवर मुख्याध्यापकांचा जबडा पडला. टक्क! साचा उघडला. टक्क! मिटला.

खोलीतली दहा पोरं एकदम गप्प झाली. आणि मामलेदार, जी आजवर कुणालाही बघून हसली नव्हती, ती त्या जबड्याकडे बघून खदखदून हसली. आ करून. बोळकं पार घशापर्यंत उघडं. आत्या, अशा वेळी माणूस विचार करत नाही. मी जबडा उचलला, उघडला, त्याला एक चमचा भोपळा भरवला, टक्क, मग तिला एक चमचा. गेला. मी श्वास धरून फुर्रची वाट बघितली. फुर्र नाही. जबड्याला एक, तिला एक. जबड्याला एक, तिला एक. सात घास, आत्या! मागच्या रांगेतलं एक पोर आ करून रांगत पुढे आलं, त्यालाही एक मिळाला. नव्या आया टाळ्या वाजवत होत्या. नर्सबाई म्हणाल्या, 'हे साधन कुठे मिळतं?' मी म्हणाले, 'बनवून घ्यावं लागतं.' ते एकच वाक्य त्या दिवशी मी खरं बोलले.

कवळी मी दवाखान्याच्या नळाखाली घासून धुतली. दंतवैद्यांचं दार बंद होतं, म्हणून कारखान्यात परत नेली. आमचे मालक दिवसाला फार तर दहा वाक्यं बोलतात आणि प्रत्येक काम भिंगाखाली बघतात. शुक्रवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर पांढरा कागद, कागदावर चिमट्यानं काढून ठेवलेला एक केशरी कण.

'हे काय?'

'भोपळा.'

'कवळी नवी आहे.'

'हो.'

'कुणाच्या तोंडात गेलेली नाही.'

'नाही.'

'मग जेवली कुठे?'

मी सगळं सांगितलं. वाटी-वाटीपासून सात घासांपर्यंत. मधे मला रडू आलं आणि मग रडताना हसू आलं, ते जास्त वाईट दिसलं. मालक हसले नाहीत. त्यांनी कवळी औषधाच्या पाण्यात टाकली, घड्याळ लावलं, आणि म्हणाले, 'गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतः सांगा. ते नाही म्हणाले तर दुसरी तुम्ही कराल, आणि मग तुमच्याबद्दल मला विचार करावा लागेल.' आमचं निम्मं काम त्या एका दंतवैद्यांकडून येतं. मालकांची विचार करण्याची पद्धत मला माहीत आहे. मागच्या वेळी त्यांनी विचार केला तेव्हा पॉलिशवाली गेली.

दुपारी मी कवळी घेऊन दंतवैद्यांकडे गेले. मुख्याध्यापक खुर्चीत बसले होते, शेजारी त्यांची सून, हातात वही. उंच, ताठ माणूस, पण तोंड आत गेलेलं. समोर उभी राहून मी पाठ म्हणून दाखवावा तसं सगळं सांगितलं. सून उठून उभी राहिली. 'म्हणजे लहान मुलांचं उष्टं? बाबांना?' दंतवैद्य छताकडे बघायला लागले. मुख्याध्यापकांनी नुसता हात वर केला. वर्ग गप्प.

'किती खाल्लं मुलीनं?'

'सात घास.'

'मी आज चार,' ते म्हणाले. दातांशिवाय शब्द जरा ओले येत होते. 'दोन महिने हेच. भोपळा, गाजर. किती गेलं, किती राहिलं, सगळं त्या वहीत लिहितात. फोनवर माझ्या मुलीला सांगतात, आज बाबांनी छान खाल्लं. चाळीस वर्षं मी लोकांच्या पोरांच्या वह्या तपासल्या. आता माझी वही भरते.'

सुनेनं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला ओळखीचं वाटलं, आत्या. ती वाईट नव्हती. घाबरलेली होती. माणूस खात नाही म्हटल्यावर आपण त्याला मोजायला लागतो, दुसरं काही हातात नसतं म्हणून.

त्यांनी कवळी घातली. टक्क करून मिटली. आरशात बघितलं, खूप वेळ. म्हणाले, 'तोंडी परीक्षा आधीच पास होऊन आलेली दिसतेय. चालेल.' आणि लगेच, 'एक सफरचंद आणा.'

दंतवैद्य म्हणाले, 'आठ दिवस नाही. नव्या दातांची हिरड्यांना सवय होईपर्यंत मऊच.'

'मऊ म्हणजे?'

'म्हणजे... भोपळा वगैरे.'

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता फुर्र करतात की काय असं वाटलं. पण आधी त्यांची सून हसली, मग ते हसले, नव्या दातांनी, आणि मला म्हणाले, 'मुलीला सांगा, घाई नाही.' नोकरी वाचली. मालक त्यावर एकच वाक्य बोलले, की यापुढे कारखान्यातला एक दातही माझ्याबरोबर बाहेर जाणार नाही.

पुढच्या गुरुवारी मी सरळ सगळ्यांना सांगून टाकलं, की वाटी-वाटी खोटं होतं, सात घास खरे होते, आणि अंगावरचं अजून चालू आहे, आणि कधी सोडायचं ते आम्ही दोघी बघू. वाटलं होतं, खोलीतला एकेक चेहरा फिरेल. एकही फिरला नाही. मग एकेक जण घसा खाकरायला लागली. कुणाची रात्रभर झोपत नव्हती. कुणाचा 'फारच खातो' म्हणजे माती खात होता. जाताना जिन्याखाली, बाबागाड्यांच्या गर्दीत, अठ्ठावीसबाईनं माझी बाही धरली. म्हणाली, 'अठ्ठावीसपैकी सव्वीस तो थुंकतो.' मी म्हटलं, 'आणि तक्ता?' ती म्हणाली, 'तक्त्यात थुंकण्याचा रंगच नाही,' आणि तिथेच, हातात गुंडाळी घेऊन, गाडीच्या दांड्यावर डोकं टेकून रडली. मला तिचा इतका राग होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी मी ती गुंडाळी धरली आणि तिनं नाक पुसलं. (गुंडाळीला नव्हे. माझ्या लाळेऱ्याला.)

तर असं आहे सगळं. मामलेदार आता दिवसाला पाच-सहा घास मंजूर करते. सासूबाई त्याचं श्रेय स्वतःच्या दोन वाट्यांना देतात. मी देऊ देते. तुमचा भाचा नमस्कार सांगतो. शेजारणीला माझा नमस्कार सांगा, आणि ती गोळी, आठवणीनं.

तुमचीच,
धाकटी सूनबाई

ता. क. : एक लहानसं काम होतं, खरं तर त्यासाठीच लिहायला बसले होते. तुमची जुनी, सैल झालेली कवळी अजून असेल तर द्याल का? मला नको, अठ्ठावीसबाईला हवी आहे. मी उकळून, घासून, बिजागरी लावून देईन. तुमच्या मैत्रिणींपैकी कुणाची फालतू असेल तर तीही चालेल. नव्या आयांनी आतापासून नंबर लावलेत.

ता. क. २ : सासूबाईंना यातलं काही माहीत नाही. त्यांनी विचारलंच तर म्हणा, पत्रात गुडघ्यांची चौकशी होती.

ता. क. ३ : वर लिहिलंय की अंगावरचं अजून चालू आहे. सगळ्यांना मी तसंच सांगते. खरं असं, की रविवारी दुपारी मी तिला घेऊन बसले, तर ती दोन मिनिटं माझ्या झग्याच्या बटणाशी खेळली, मांडीवरून उतरली आणि खुर्चीखालच्या चपलेकडे रांगत गेली. मला वाटलं, परत येईल. सोमवारीही नाही आली. मंगळवारीही नाही. काढून वाटीत दिलं तर पिते, अंगावर नको. इतके महिने सगळे विचारत होते, तू कधी सोडणार, तू कधी सोडणार. ती मला कधी सोडणार, असं कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून माझी काही तयारी नव्हती. घरात कुणाला बोलले नाही. तेव्हा आत्या, ती कवळी पोस्टानं पाठवू नका. स्वतः घेऊन या, आणि चार दिवस राहा.